शातो दिकेम : बुरशी, खुडा आणि न भरलेल्या बाटल्या

प्रश्न तीन भागांत आला आहे. फ्रान्समधल्या शातो दिकेमची, म्हणजे इकेम नावाच्या वाड्याची, वाइन खरंच सडलेल्या द्राक्षांची असते का? असेल, तर जगातल्या गोड वाइनमध्ये तिला पहिला मान कसा मिळाला? आणि निफाडला भावाची दोन एकर शेनिन ब्लां (वाइनच्या पांढऱ्या द्राक्षांची एक जात) आहे, तिथे थंडीत धुकंही पडतं, मग आपल्याकडे असं काही करता येईल का?

मी नाशिक भागात वाइन करतो. तरुणपणी फ्रान्समध्ये बोर्डोच्या दक्षिणेला, सोतर्न भागात, एका लहान इस्टेटवर खुड्याचा हंगाम काढला आहे. इकेममध्ये मी नोकरी केलेली नाही, हे आधीच सांगतो. पण त्या भागात कुठेही राबलं तरी मान वर केली की टेकाडावरचं इकेमचं जुनं घर दिसतं, आणि आज त्यांनी माणसं बागेत उतरवली की नाही, याची चर्चा आसपासच्या प्रत्येक वायनरीत चालते.

पहिल्या भागाचं उत्तर: हो, बुरशी लागलेलीच द्राक्षं. मुद्दाम लागू दिलेली, आणि लागेपर्यंत थांबून घेतलेली. बुरशीचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. आपल्या द्राक्ष बागायतदाराला ती ओळखीची आहे. अवकाळी पावसानंतर घडात करड्या रंगाचा मऊ थर दिसतो, तीच ही. गंमत बघा, आपल्याकडे डाऊनी या वेलीवरच्या बुरशीच्या रोगासाठी पिढ्यान्‌पिढ्या जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते याच बोर्डो प्रांतातून आलं. १८८०च्या दशकात तिथल्या विद्यापीठातल्या अलेक्सी मिलार्देने ते शास्त्रीय पायावर उभं केलं. ज्या मुलखाने जगाला बुरशीनाशक दिलं, त्याच मुलखाच्या एका कोपऱ्यात लोक ऑक्टोबरात बुरशीची वाट बघत बसतात. अर्थात डाऊनी आणि भुरी तिथेही शत्रूच. वाट फक्त बोट्रायटिसची, आणि तीही मणी पूर्ण पिकल्यावरच. कच्च्या मण्यावर ती आली तर तिथेही तो रोगच, आणि घड जमिनीवर.

हे तिथेच का घडतं, याचं कारण दोन नद्या. गारोन मोठी, तिचं पाणी कोमट. तिला मिळणारी सिरों लहान, झऱ्यांची, दाट झाडीतून सावलीत वाहणारी, म्हणून गार. तिच्या काठाला बीचच्या झाडांचं फार जुनं रान टिकून आहे. शरद ऋतूत रात्री हवा गार पडली की या पाण्यावरून धुकं उठतं आणि सोतर्न, बार्साक, बोम, फार्ग, प्रेन्याक या पाच गावांच्या बागांवर पसरतं. सकाळी मणी ओले. दुपारी ऊन पडतं, वारा सुटतो, मणी कोरडे. ओलाव्यात बुरशी रुजते, उन्हाने ती आवरली जाते. दिवसभर ओलच राहिली तर घड सडतो. ओल आलीच नाही तर नुसता सुकतो. हा खेळ काही आठवडे रोज चालावा लागतो, आणि तो दरवर्षी चालतोच असं नाही. इकेमचं टेकाड आसपासच्या जमिनीपेक्षा उंच आहे, त्यामुळे वारा लवकर लागतो. वर खडी आणि वाळू, खाली चिकणमाती. चिकणमाती पाणी धरते, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे निचऱ्याच्या मातीच्या नळ्या घालायला सुरुवात झाली; आज त्यांची लांबी सुमारे १०० किलोमीटर सांगतात. वाइनप्रेमी जमिनीच्या ‘गुणांबद्दल’ भरभरून बोलतात, त्यांनी हे चर खणणाऱ्यांचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

आता मण्याच्या आत काय होतं ते. तासगाव-सांगलीकडे बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरचं मेण सैल होतं, बारीक वाट पडते आणि पाणी लवकर निघून जातं. बोट्रायटिस सालीला तेच करते: तिचे तंतू सालीत शिरतात, साल चाळणीसारखी होते, आणि दुपारच्या उन्हात पाणी उडून जातं. पण साम्य इथेच संपतं. बेदाण्यात आतला माल तोच राहतो, फक्त आटतो. बुरशी मात्र आत राहून खाते. साखरेचा एक वाटा ती स्वतः फस्त करते, टार्टारिक आम्ल तर मॅलिक आम्लापेक्षाही जास्त खाते, आणि बदल्यात ग्लिसरॉल, ग्लुकोनिक आम्ल असे पदार्थ मागे सोडते. पाणी इतकं जातं की खाऊनही उरलेली साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात. बुरशीमुळे सेमियों जातीच्या मण्यात सुगंधाची पूर्वद्रव्यं कितीतरी पटीने वाढतात, हे बोर्डोच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. जर्दाळू, संत्र्याची साल, मध, केशर असे वास लोक सांगतात ते याच्यामुळे. नुसत्या सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनला मनुक्याचा वास येतो. ती वाइन वाईट असते असं नाही, पण ती वेगळी.

बागेत सेमियों सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडी जास्त, बाकी सोव्हिन्यों ब्लां. सेमियोंची साल पातळ, बुरशीला सोपी, वाइनला अंग देणारी. सोव्हिन्योंने ताजेपणा येतो.

खरी मेहनत खुड्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांचा खुडा म्हणजे ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघायचे, दिवस ठरवायचा, टोळी लावायची आणि दोन-चार दिवसांत प्लॉट मोकळा. सोतर्नमध्ये प्लॉट मोकळा होतच नाही. बुरशी सगळ्या घडांवर एकदम येत नाही. एकाच घडात एक पाकळी (घडाचा लहान फाटा) तयार, शेजारची नुसती डागाळलेली, तिसरी अजून सोनेरी आणि टणक. मणी आधी ठिपकेदार होतो, मग पूर्ण तपकिरी-जांभळा, मग सुरकुततो. हा शेवटचा टप्पाच हवा असतो आणि तो टिकतो थोडे दिवस. मध्येच पाऊस आला की सुरकुतलेला मणी पाणी पिऊन फुगतो आणि महिन्याची कमाई धुऊन जाते. म्हणून लोक त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरतात. इकेममध्ये साधारण पाच-सहा फेऱ्या, अवघड वर्षी दहाच्या घरात. हंगाम सहा आठवड्यांहून लांबू शकतो. खुडणारी माणसं दीडशेच्या पुढे, आणि बरीचशी वर्षानुवर्षं तीच, कारण काम हाताला आणि नाकालाही यावं लागतं. चांगली बुरशी आणि आंबट सड बाहेरून बऱ्याचदा सारखीच दिसतात. शंका आली की घड नाकाशी न्यायचा; व्हिनेगरचा वास आला तर तो भाग कापून खाली टाकायचा. माझ्या हंगामात पहिला आठवडाभर मला कात्रीपेक्षा नाकच जास्त वापरायला लावलं होतं.

शिवाय माणसं रोज कामाला लागतातच असं नाही. सकाळी घड फार ओले असले तर दुपारपर्यंत थांबायचं. पाऊस असेल तर चार-चार दिवस नुसतं बसायचं, आणि मालकाला ती माणसं हाताशी ठेवावीच लागतात, कारण ऊन पडलं की दोन दिवसांत सगळं उरकायचं असतं. गोड वाइनच्या खर्चात हा ‘बसून राहण्याचा’ खर्च मोठा असतो आणि तो बाहेरच्या माणसाच्या हिशोबात कधीच येत नाही.

उत्पन्न बघा. सोतर्नचा नियम हेक्टरी २५ हेक्टोलिटरची, म्हणजे अडीच हजार लिटरची, मर्यादा घालतो. इकेम त्यापुढे जाऊन स्वतःलाच आवरतं. तिथे सरासरी ८-९ हेक्टोलिटर. म्हणजे एकरी साडेतीनशे लिटरच्या आसपास. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांचं एकरी ४-५ टन उत्पन्न धरलं तर अडीच-तीन हजार लिटर वाइन होते. एका वेलीमागे एक ग्लास, असं इकेमबद्दल सगळीकडे छापलेलं असतं. ते मला आधी जाहिरातीचं वाक्य वाटायचं, पण हेक्टरी साडेसहा हजारांच्या आसपास वेली धरून भागाकार करा. खरंच दीडशे मिलीलिटरच्या आतच उत्तर येतं.

तळघरातलं काम त्या मानाने निमूट आहे, तरी दोन-तीन गोष्टी आमच्या धंद्यातल्या माणसालाही उलट्या वाटतील. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये पहिल्या दाबाचा रस सगळ्यात चांगला. शेवटी शेवटी तो कडवट, खरबरीत होतो. इथे तिसऱ्या दाबाचा रस पहिल्यापेक्षा गोड आणि दाट, कारण सगळ्यात सुकलेले मणी शेवटीच रस सोडतात. हव्या असलेल्या रसाची गोडी अशी, की सगळी साखर आंबली तर अल्कोहोल २० टक्क्यांवर जावं. ब्रिक्समध्ये सांगायचं तर ३३-३४च्या आसपास. आपल्या वायनरीत २४-२५ला आपण खूश असतो.

हा रस थेट २२५ लिटरच्या ओकच्या बॅरलमध्ये जातो आणि तिथेच आंबतो. बॅरल दरवर्षी नवे. प्रत्येक दिवसाच्या खुड्याचा रस वेगळा ठेवायचा. इतक्या साखरेत यीस्टचा जीव मेटाकुटीला येतो. शिवाय बुरशीने रसातला नायट्रोजन आणि थायमिन आधीच खाऊन टाकलेलं असतं. म्हणून किण्वन आठवडे चालतं आणि अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास पोचलं की यीस्ट हात टेकतं. तेव्हा लिटरला १२०-१४० ग्रॅम साखर उरलेली असते. या समतोलावर वाइन उभी असते. अल्कोहोल पंधरावर गेलं तर जाळते, बारावर थांबलं तर पाक लागतो. थांबलेलं किण्वन परत सुरू होऊ नये म्हणून गंधकाचा डोस लागतो, आणि बोट्रायटिसचा रस गंधक बांधून टाकत असल्याने तो जास्त लागतो. युरोपात साध्या पांढऱ्या कोरड्या वाइनला लिटरला २०० मिलीग्रॅमची मर्यादा, तर सोतर्नसारखीला ४००. बुरशीचे ग्लुकन नावाचे चिकट पदार्थ फिल्टर बंद पाडतात, तो त्रास वेगळाच.

पूर्वी इकेम बॅरलमध्ये तीन वर्षांहून जास्त राहायची. दर तिमाहीला गाळ सोडून दुसऱ्या बॅरलमध्ये, आठवड्याला दोनदा वरून भरून घ्यायचं, कारण लाकडातून वाइन उडत असते. एवढ्या काळात बराच माल हवेत जातो. या शतकात तो काळ आखडून दोन वर्षांच्या आसपास आणला आहे. जुन्या लोकांना हे आवडलं नाही. मला स्वतःला नव्या पद्धतीतलं फळ जास्त स्वच्छ वाटतं. पण माझ्या पदरी दोन्हींच्या फार बाटल्या आलेल्या नाहीत, तेव्हा मत त्या बेताने घ्या.

आता दुसरा भाग, मानाचा. माझ्या मते इकेमची ख्याती तिने विकलेल्या वाइनइतकीच न विकलेल्या वाइनवर उभी आहे. विसाव्या शतकात १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या नऊ वर्षांची शातो दिकेम नाही. कुठल्याही लिलावात, कुठल्याही तळघरात. एकविसाव्यात २०१२ची नाही. त्या वर्षीही खुडा झाला, मजुरी गेली, बॅरल भरले. मग चाखून ठरलं की ही इकेम म्हणून द्यायची नाही. माल विनानावाने व्यापाऱ्यांना गेला. चांगल्या वर्षीही हाच चाळा चालतो: रोजच्या खुड्याचे वेगवेगळे बॅरल चाखत चाखत काही गट बाहेर काढले जातात. बोर्डोत बहुतेक मोठी घरं असा माल दुसऱ्या, स्वस्त लेबलखाली विकतात. इकेमने गोड वाइनचं दुसरं लेबल केलं नाही. १९५९पासून ‘इग्रेक’ नावाची एक वाइन निघते, पण ती कोरडी, तिचा बाजच निराळा.

हिशोबाच्या भाषेत हे वेडेपण आहे. बागेचा वर्षभराचा खर्च तसाच, आणि उत्पन्न नावाशिवाय विकलेल्या मालाचं. पण १९७२ आणि १९७४ असे दोन हादरे तीन वर्षांत सोसून जे घर उभं राहिलं, त्याने पुढे १९७५च्या वाइनला सांगेल तो भाव मागितला तर गिऱ्हाईक काय बोलणार?

हे सोसायला घर एकाच हातात असावं लागतं, आणि वारसा कामाला येतो तो इथे. १५९३मध्ये जाक सोव्हाज याला या जमिनीचे हक्क मिळाले आणि सोव्हाज दिकेम घराणं सुरू झालं. १७८५मध्ये घरची मुलगी फ्रान्स्वाझ जोझेफीन हिचं लग्न लुर-साल्यूस घराण्यातल्या काउंट लुई आमेदेशी झालं. हा फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा धर्मपुत्र. तीन वर्षांत तो घोड्यावरून पडून गेला आणि विशीतली विधवा इकेमची मालकीण झाली. वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांती आली. बाईंना तुरुंग घडला, तरी जमीन हातची जाऊ दिली नाही. त्यानंतरची पन्नासेक वर्षं इकेम त्यांनी चालवलं, आणि नुसतं सांभाळलं नाही: १८२६मध्ये वाइनसाठी मोठं तळघर बांधून घेतलं, त्या काळी हा जुगारच होता. फेऱ्याफेऱ्यांनी निवडून खुडण्याची शिस्त त्यांच्याच काळात पक्की झाली. १८५१मध्ये त्या वारल्या. नातू रोमां-बर्त्रांच्या हाती कारभार आला आणि चारच वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी ती प्रसिद्ध १८५५ची प्रतवारी केली. लाल वाइनमध्ये पहिल्या वर्गात चार नावं. गोड पांढऱ्यात पहिल्या वर्गाच्याही वर एक स्वतंत्र पायरी, आणि तिच्यावर एकटं इकेम. दलालांनी हे काव्य म्हणून केलं नव्हतं. त्यांच्या वहीत बाजारभाव होते आणि इकेमचा भाव बाकीच्यांच्या वर होता. जोझेफीनबाईंना हे बघायला मिळालं नाही. इकेमचा इतिहास सांगताना सगळे मार्क्विसांची, म्हणजे लुर-साल्यूस घराण्यातल्या सरदारांची, नावं घेतात. मी आधी या बाईंचं घेईन.

बुरशीच्या शोधाची एक गोष्ट तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. मार्क्विस रशियाला गेला होता, मी येईपर्यंत खुडा करू नका असं बजावून गेला, यायला उशीर झाला, बाग बुरशीने भरली, आणि १८४७ची अलौकिक वाइन तयार झाली. गोष्ट छान आहे, विश्वास ठेवू नका. जर्मनीत योहानिसबर्गलाही हीच गोष्ट सांगतात, फक्त मार्क्विसाच्या जागी उशिरा आलेला निरोप्या असतो, आणि हंगेरीतल्या टोकायला लढाईमुळे लांबलेला खुडा. सोतर्नमध्ये उशिरा खुडण्याची चाल सतराव्या शतकाच्या कागदपत्रांतही दिसते, आणि गोड पांढऱ्या वाइनला तेव्हा डच व्यापारी मोठं गिऱ्हाईक होते. थॉमस जेफरसनने १७८७च्या बोर्डो भेटीनंतर १७८४ सालच्या इकेमच्या २५० बाटल्या मागवल्या आणि पुढे जॉर्ज वॉशिंग्टनसाठीही मागवल्या. बुरशीचा शोध १८४७मध्ये लागला असेल तर जेफरसनला आवडलं ते नेमकं काय? मात्र १८४७ची वाइन थोर होती यात वाद नाही. १८५९मध्ये झारचा भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन याने तिच्या ९०० लिटरना २०,००० सुवर्ण फ्रँक मोजले, आणि त्या भावाने सगळा बाजार हादरला.

विसाव्या शतकात दोन माणसांनी घर ओढलं. बर्त्रां द लुर-साल्यूसने दोन महायुद्धं पाहिली. पहिल्या युद्धात वाड्याचं लष्करी इस्पितळ झालं होतं. १९२१ची दंतकथा झालेली वाइन त्याच्याच काळातली. १९६८पासून पुतण्या अलेक्सांद्र. वाटे पडत पडत मालकी नातेवाइकांत विखुरली होती. १९९६मध्ये त्यातल्या अनेकांनी आपले हिस्से एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीला विकायचं ठरवलं. अलेक्सांद्र कोर्टात गेले, १९९९मध्ये तडजोड झाली, २००४पर्यंत तेच कारभारी राहिले, मग पिएर ल्युर्तों आले. चारशे वर्षांचं घर हँडबॅगा आणि शॅम्पेन विकणाऱ्यांकडे गेलं म्हणून तेव्हा बरीच हळहळ झाली. वाटण्यांच्या भांडणात जमिनीचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको, त्यामुळे मला त्या नातेवाइकांचा राग येत नाही. आणि नव्या मालकाची परीक्षा २०१२मध्ये झालीच. शरदातला पाऊस, बिघडलेली बुरशी. डिसेंबरात ल्युर्तोंनी जाहीर केलं की यंदा इकेम नाही. भागधारकांना उत्तर देणारी कंपनीही तेच करू शकली.

किमतीबद्दल थोडक्यात. नव्या वर्षाची बाटलीही युरोपात शेकडो युरोंना जाते. आपल्याकडे येईपर्यंत शुल्क लागून आकडा आणखी फुगतो. १८११ची, धूमकेतूच्या वर्षाची, एक बाटली २०११मध्ये लंडनमधल्या एका विक्रेत्याकडून ७५,००० पौंडांना गेली, तेव्हा तो पांढऱ्या वाइनचा विक्रम होता. पण यावरून सोतर्नमध्ये सगळे गब्बर आहेत असं समजू नका. गोड वाइन जेवणाच्या टेबलावरून मागे पडली आहे, शेजारची चांगली चांगली घरं तगण्यासाठी कोरडी पांढरी वाइन काढायला लागली आहेत. प्यायचीच असेल तर त्या घरांची अर्धी बाटली घ्या. मेहनत तीच, धुकं तेच, आणि दाम इकेमच्या पासंगालाही येत नाहीत. १०-१२ अंशांवर, लहान ग्लासात. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये बरेच दिवस टिकते. श्रीखंड किंवा पुरणपोळीबरोबर घेऊ नका, दोन्ही गोड एकमेकांना मारतात. तिकडे निळ्या बुरशीचं खारट चीज घेतात. आपल्याकडे खारे काजू चालतात, आणि थोडा झणझणीत तळलेला मासा तर फारच चालतो.

आता निफाडची दोन एकर.

शेनिन ब्लां ही जात चुकीची नाही. फ्रान्समध्येच ल्वार नदीच्या खोऱ्यात कार द शोम, बोनझो या भागांत याच जातीवर बोट्रायटिस घेऊन उत्तम गोड वाइन होते. आणि निफाडचं धुकं मलाही ठाऊक आहे; महाराष्ट्रातली सगळ्यात कडक थंडी तिथे पडते. अडचण वेळेची आहे. सोतर्नमध्ये धुकं येतं तेव्हा मणी पिकलेला असतो आणि हवा उतरणीला लागलेली असते. आपल्याकडे धुकं डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा वाइनच्या द्राक्षात बहुधा पुरती गोडी भरलेली नसते. ती भरते तेव्हा फेब्रुवारी-मार्च उजाडलेला असतो. हवा कोरडी, ऊन चढतं, सकाळची ओल नाही. मग ओल येते ती अवकाळीची, कधी गारांसकट. त्याने मणी तडकतो, माश्या बसतात, व्हिनेगर होतो. आणि आपल्या उष्णतेत जखमी मण्यावर बोट्रायटिसच्या आधी काळी बुरशी, अॅस्परजिलस, येण्याची भीती जास्त. तिच्या काही जाती ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. त्या मालाची वाइन कुणी करू नये. शिवाय शेजारी निर्यातीची टेबल ग्रेप्स असतील तर मुद्दाम बुरशी जोपासणारा प्लॉट त्यांच्या बांधाला नको.

म्हणून बुरशीची गोड वाइन विसरा. बुरशीशिवायची उशिरा खुड्याची वाइन मात्र होते, आणि नाशिकच्या सुला वायनरीने शेनिनचीच ‘लेट हार्वेस्ट’ काढून दाखवली आहे. तिच्यात मणी वेलीवर सुकू द्यायचा. भावाला करायचंच असेल तर सगळा प्लॉट अडकवू नये, चार ओळी ठेवाव्यात. खुड्याच्या आधीच वायनरीशी लेखी बोलावं, कारण वजन निम्म्यावर येणार आणि वजनावरचा नेहमीचा दर परवडणार नाही. दर एकरी किंवा ब्रिक्सनुसार चढता ठरवा. पाखरं गोडीला येतात, जाळी आधी लावा. तडकलेला, वास मारणारा मणी दिसेल तिथे पाकळी कापा. आपल्या उन्हात साखर चढते तशी आम्लता भराभर घसरते, म्हणून त्याच प्लॉटचा थोडा माल नेहमीच्या वेळी खुडून वेगळा आंबवून ठेवायला सांगा, मिसळायला लागेल. आणि फेब्रुवारीत ढग दिसले की जेवढी गोडी भरली असेल तेवढ्यावर खुडून मोकळं व्हावं.